‘शिंगराची हमी, घोडी मालकाच्या जोखमीवर’: १८८९ची एक जाहिरात कशी वाचायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या गृहस्थांची मुलगी न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चच्या दक्षिणेला ॲशबर्टनजवळच्या टिनवॉल्ड भागात एका जुन्या शेतघरात भाड्याने राहते. तिथल्या माळ्यावर हिशेबाची एक वही सापडली आणि वहीत १८८९च्या हंगामातलं वर्तमानपत्राचं एक कात्रण. त्यात क्लाइड्सडेल या स्कॉटलंडच्या भारवाही जातीचा एक वळू घोडा पैदाशीसाठी ‘फिरणार’ असल्याची जाहिरात आहे: सोमवारी ॲशबर्टन आणि टिनवॉल्ड, बुधवारी राकाया, शुक्रवारी मेथव्हेन, शनिवारी रात्री परत ॲशबर्टन. मग घोड्याचा बाप, आईचा बाप, त्यांची बक्षिसं. हंगामाची फी ३ पौंड, शिंगराची हमी हवी असेल तर ४ पौंड. मोतद्दाराचे, म्हणजे घोडा सांभाळून फिरवणाऱ्या माणसाचे, ५ शिलिंग वेगळे, पहिल्या वेळीच रोख. बाकी रक्कम १ फेब्रुवारीला. घोडी मालकाच्या जोखमीवर. विकलेली किंवा बदललेली घोडी गाभण धरली जाईल. समासात पेन्सिलीने तीन तारखा: ७ ऑक्टोबर आणि २८ ऑक्टोबर, पुढे बरोबरची खूण, १८ नोव्हेंबर, पुढे फुली.

त्यांना चार गोष्टी कळायला हव्यात. एवढा खानदानी घोडा दारोदार का फिरवायचे? मोतद्दाराचे पैसे वेगळे का? पूर्वजांची नावं कशाला? आणि पेन्सिलीच्या खुणा कसल्या?

मी पशुवैद्यक आहे. पुणे जिल्ह्यातल्या घोड्यांच्या फार्मवर सव्वीस वर्षं काढली, मधले तीन हंगाम न्यूझीलंडच्या वायकाटोत होतो. घोडी माजावर आहे की नाही हे हातातल्या घोड्याकडून पारखायचं काम मी सोनोग्राफी यायच्या आधीही केलंय आणि नंतरही. म्हणून हे कात्रण मला अगदी ओळखीचं वाटलं. आधीच सांगतो, बहुतेक लोक अशी जाहिरात वरून वाचतात: घोड्याचं नाव, बाप, आजोबा, बक्षिसं. मी खालून वाचतो. खालच्या ओळींत कुठलं नुकसान कुणी सोसायचं हे ठरलेलं असतं, आणि खरा व्यवहार तोच असतो.

आधी फिरण्याबद्दल. ॲशबर्टन ज्यात येतं त्या कँटरबरीच्या मैदानात १८७०-८०च्या दशकांत गव्हाची लाट होती. ट्रॅक्टर नव्हते. दोन फाळांचा नांगर ओढायला तीन-तीन, चार-चार घोडे लागत. लाँगबीचसारखी दलदल काढून लागवडीखाली आणलेली हजारो एकरांची इस्टेट एकीकडे, आणि दोनशे-तीनशे एकरांचा साधा शेतकरी दुसरीकडे. या साध्या शेतकऱ्याकडे चार-सहा कामाचे घोडे, त्यातल्या दोन-तीन घोड्या. घोडी माजावर येते वसंतात, म्हणजे तिकडे सप्टेंबर ते डिसेंबर. नांगरट, पेरणी, वखरणी, सगळं नेमकं तेव्हाच. आता विचार करा: चांगली घोडी वळूकडे दहा मैल चालवत न्यायची, तिथे आठवडा ठेवायची, अंगावर शिंगरू असेल तर तेही न्यायचं, आणि घरी नांगराची जोडी अर्धी मोडून ठेवायची. कुणालाच हे परवडत नसे. म्हणून घोडी जुवाखालून सोडून तासाभराने परत जुंपता यावी अशी सोय हवी होती. घोडा दारात आला की ती होत होती.

वळूच्या मालकाचीही गरज होती. चांगला क्लाइड्सडेल स्कॉटलंडहून आणायचा म्हणजे शिडाच्या जहाजातून सुमारे तीन महिन्यांचा प्रवास. ८०० किलोंचं जनावर अरुंद ठाणात उभं ठेवून वादळी समुद्रातून आणायचं. कित्येक वाटेतच दगावत. पोचलेला घोडा म्हणजे मोठी अडकलेली रक्कम. ती तीन-तीन पौंडांनी वसूल करायची तर हंगामात शंभराच्या आसपास घोड्या हव्यात, आणि तेवढ्या एका गावात नसतात.

फिरण्याचा तिसरा फायदा जाहिरातीत लिहिलेला नाही, पण मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. ॲशबर्टन ते राकाया, तिथून मेथव्हेन आणि परत, हा फेरा साधारण शंभर किलोमीटरचा. दर आठवड्याला, अडीच-तीन महिने. ज्याच्या पायात खोट आहे, खूर ठिसूळ आहेत, घोट्याच्या सांध्यात हाड वाढलंय किंवा श्वासात घरघर आहे, तो घोडा तिसऱ्या आठवड्यातच लंगडतो किंवा धापा टाकतो. अख्खा तालुका रस्त्याच्या कडेने ते बघत असतो. पुढे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियात १९०७च्या सुमारास सरकारी पशुवैद्यक वळू तपासून दाखले देऊ लागले, इंग्लंडमध्ये १९१८ला परवान्याचा कायदा झाला. १८८९ला टिनवॉल्डच्या शेतकऱ्याकडे असा काही कागद नव्हता. रस्ता हाच त्याचा दाखला. शिवाय रोज चालणारा वळू निरोगी राहतो, त्याची फळण्याची ताकद टिकते. खुराक चारून बंद ठाणात बांधून ठेवलेला वळू चरबीने जड होतो, खुरांनी बसतो, पोटशूळाने मरतो. आजही मी वळूच्या मालकाला पहिला प्रश्न हाच विचारतो: रोज किती चालवता?

आता आठवड्याच्या फेऱ्याकडे या, कारण त्यात मोठं शहाणपण आहे. घोडीचं माजाचं चक्र सरासरी २१ दिवसांचं. त्यात माज टिकतो पाच ते सात दिवस, आणि अंडं सुटतं माज संपायच्या एक-दोन दिवस आधी. वळूचं बीज घोडीच्या पोटात दोन दिवस सहज जिवंत राहतं. म्हणजे घोडा दर सात दिवसांनी दारात आला, तर २१ दिवसांत तीनदा येतो, आणि त्या तीनपैकी एका फेरीला घोडी बहुतेक माजावर सापडतेच. तीन साते एकवीस. हे गणित त्या लोकांनी शरीरशास्त्राच्या पुस्तकातून काढलेलं नाही. घोडी सोमवारी लावली तर तिसऱ्या सोमवारी ती ‘बोलते’, म्हणजे राहिली की नाही ते दाखवते, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. विण्याचंही तेच: व्यायल्यावर सात ते दहा दिवसांत घोडीला पहिला माज येतो, आणि नऊ दिवसांचं शिंगरू अंगावर असलेली घोडी दहा मैल चालवणं क्रूरपणाच. घोडा दारात आला की तो माजही वाया जात नाही.

प्रत्यक्षात काय होत असे ते सांगतो, कारण हे काम मी शेकडो वेळा केलंय आणि पद्धत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. आवारात छातीइतक्या उंचीचं भक्कम आडवं लाकूड. त्यावर गोणपाट गुंडाळलेला. घोडी एका बाजूला, वळू दुसऱ्या बाजूला, दोघांची मुस्कटं पकडून दोन माणसं. वळू लाकडावरून मान लांबवून तिची मान, खांदा, कूस हुंगतो. माजावर नसलेली घोडी कान मागे पाडते, किंचाळते, पुढच्या पायाने जमीन आपटते आणि वळून लाथ घालते. ती लाथ लाकडाला बसते म्हणूनच ते लाकूड. माजावरची घोडी मात्र कान सैल सोडते, मागचे पाय फाकवून किंचित खाली बसते, शेपटी बाजूला घेते आणि थेंब थेंब लघवी करते. हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो, पण त्या अर्ध्या मिनिटात माणसाचं लक्ष घोडीच्या मागच्या पायावरून हलता कामा नये. वायकाटोत एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला सांगितलं होतं की त्याच्या आजोबांच्या काळी घोडा फाटकात आला की आजी सगळ्या पोरांना घरात घेऊन खिडक्यांचे पडदे ओढायची. लाज हे एक कारण, पण सुटलेल्या वळूची भीती हे त्याहून मोठं.

म्हणूनच अशा जाहिरातींत ‘स्वभावाने शांत’ हे शब्द असत आणि त्यांना किंमत होती. रेसच्या घोड्यांत ट्रॅड्यूसर नावाचा एक वळू न्यूझीलंडमध्ये गाजला. त्याची संतती उत्तम धावली, पण तो स्वतः इतका खुनशी होता की जवळ जाणाऱ्याने जपून राहावं. असा घोडा एका ठिकाणी, भक्कम आवारात ठेवूनच वापरता येतो. खेड्यापाड्यांत एकटा मोतद्दार घेऊन फिरतो तो घोडा वेगळाच हवा.

मोतद्दाराचे ५ शिलिंग वेगळे का, हा प्रश्न फार नेमका आहे. घोड्याचा मालक फेरीवर नसतो. अडीच महिने घोडा, त्याचा खरारा, खुराक, नालबंदाकडची खेप, रात्रीचं ठाण, नोंदवही आणि वसुली हे सगळं एकट्या मोतद्दाराच्या हातात. ४ पौंडांतले पैसे शिंगरू राहिलं तर, आणि तेही पुढच्या फेब्रुवारीत, सुगी झाल्यावर यायचे. तोवर मोतद्दाराने खायचं काय? म्हणून त्याचे ५ शिलिंग पहिल्याच दिवशी, रोख, शिंगरू राहो न राहो. व्यवस्था न्याय्य होती. पण तिच्यात एक धोका दडलेला आहे आणि तो मी जवळून बघितलाय. मोतद्दाराची मिळकत घोड्यांच्या संख्येवर असेल तर तो वळूला दिवसात दोनाऐवजी चारदा लावतो. वळू नाही म्हणत नाही, पण तिसऱ्या-चौथ्या वेळी बीज विरळ होत जातं.

काही वर्षांपूर्वी सोलापूरकडच्या एका शेतकऱ्याने आपली सुंदर घोडी एका नामांकित वळूकडे आणली होती. फोटो पाहून, वंशावळ पाहून, पैसे आगाऊ भरून. घोडी तीनदा उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. मी तपासली तर घोडीत काही दोष नव्हता. चौकशी केल्यावर कळलं की ती पोचायची तेव्हा वळू त्या दिवशी आधीच तीन घोड्यांना लावलेला असायचा. नोंदवहीत मात्र एकच नोंद. त्या माणसाचा पूर्ण हंगाम गेला, पैसे गेले, आणि कागदावर हमीचा शब्द नसल्यामुळे हातात काही उरलं नाही. माझा तेव्हाचा राग अजून गेलेला नाही.

हमी म्हणजे काय ते यावरून कळेल. तुमच्या कात्रणात दोन दर आहेत. ३ पौंडांत हंगामभर घोडा मिळेल, पण घोडी रिकामी राहिली तर नुकसान शेतकऱ्याचं. ४ पौंडांत नुकसान वळूच्या मालकाचं: शिंगरू नाही तर पैसे नाहीत. मधला एक पौंड म्हणजे विम्याचा हप्ताच. त्या काळच्या पद्धतीत शंभर घोड्यांपैकी पन्नास-साठ गाभण राहिल्या तर हंगाम बरा म्हणायचा. तरी एवढ्या फरकात हमी द्यायला मालक तयार होता, म्हणजे त्याला आपल्या घोड्यावर आणि मोतद्दारावर भरवसा होता. बक्षिसांच्या यादीपेक्षा मी या एका पौंडाला जास्त मान देतो.

पण हमी दिली की पळवाटाही निघतात. घोडी गाभण आहे हे दिसायला सहा-सात महिने लागतात. तोवर शेतकरी ती बाजारात विकून टाकतो आणि वसुलीला आलेल्या माणसाला म्हणतो, माझ्याकडे घोडीच नाही, शिंगराचं काय विचारता? म्हणून ती ओळ: विकलेली किंवा बदललेली घोडी गाभण धरली जाईल. आणि ‘घोडी मालकाच्या जोखमीवर’ हे लाथेसाठी. लावताना घोडीचा पाय मोडला, वळूच्या वजनाने ती पडली, तर भरपाई मिळणार नाही. एकेका ओळीमागे कुठल्या तरी जुन्या हंगामातलं कडाक्याचं भांडण आहे.

आता पूर्वजांची नावं. त्यांना मी कमी लेखत नाही, पण १८८९ला कागदी वंशावळ भारवाही घोड्यांत अगदी नवी होती. रेसच्या घोड्यांचं जनरल स्टडबुक, म्हणजे वंशावळीची नोंदवही, १७९१ पासूनचं, पण स्कॉटलंडची क्लाइड्सडेल सोसायटी निघाली १८७७ला. शायर या इंग्लिश भारवाही जातीची संस्था १८७८ची. ऑस्ट्रेलियन स्टडबुकचा पहिला खंडही १८७८चाच. म्हणजे जाहिरातीतल्या पणजोबाचं नाव कुठल्याही वहीत तपासता येईलच असं नाही. ती मालकाच्या जबानीवरची गोष्ट. नावांचा घोळ तर भयंकर: प्रिन्स आणि चॅम्पियन प्रत्येक तालुक्यात असत, आणि गाजलेल्या घोड्याच्या मुलाला ‘यंग’ जोडून तेच नाव देत. त्या वेळी डार्नली किंवा प्रिन्स ऑफ वेल्स या दोन स्कॉटिश वळूंचं रक्त आहे म्हटलं की शेतकऱ्याचे कान टवकारत. ते रक्त खरंच उत्तम होतं, विशेषतः पाय आणि खुरांच्या बाबतीत. पण त्या रक्ताचा प्रत्येक घोडा उत्तम असतोच असं नाही.

वंशावळ एकट्याने काय करते याचं सगळ्यात चांगलं उदाहरण न्यूझीलंडचंच आहे. मस्केट हा रेसचा इंग्लिश वळू १८७८ला ऑकलंडकडे आला. त्याला सुरुवातीला गाडीचे चांगले घोडे मिळावेत म्हणून साध्या घोड्याही दिल्या जात. त्यातून गाडीचेच घोडे झाले. पुढे इंग्लंडहून आणलेली मर्सी ही घोडी त्याला दिली आणि १८८५ला, मस्केट मेला त्याच वर्षी, कार्बाइन जन्मला. याच कार्बाइनने १८९०चा मेलबर्न कप ३९ घोड्यांत, जवळजवळ ६६ किलो वजन पाठीवर घेऊन जिंकला, आणि त्याचा मुलगा स्पिअरमिंट १९०६ची इंग्लिश डर्बी जिंकला. वळू तोच होता, बदलली ती घोडी. जाहिरात वळूची असते, त्यामुळे घोडीचा विचार मागे पडतो. माझा नियम साधा आहे: घोडीत जे उणं आहे ते वळूत भरून आलेलं हवं. घोडीचे खूर पसरट असतील तर वळूचे खूर बघायला जा, त्याच्या आजोबाची बक्षिसं राहू द्या.

आपल्याकडचा धागाही सांगतो. आपल्या भीमेच्या खोऱ्यात भीमथडी तट्टांची जात होती. लष्कराला उंच घोडे हवे म्हणून कंपनी सरकारने शिरूरजवळ आलेगावला पैदास सुरू केली होती. तिथून पुरवठा भागेना, आणि हिंदुस्थानातल्या पलटणी न्यू साउथ वेल्सहून जहाजांनी घोडे मागवू लागल्या. त्या ‘वेल्स’वरून त्या घोड्यांना ‘वेलर’ म्हणत. म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या खेड्यात तीन पौंड देऊन लावलेल्या घोडीचं पोर चार-पाच वर्षांनी मुंबईच्या धक्क्यावर उतरत असे.

आज आपल्याकडे वळूची जाहिरात व्हॉट्सॲपवर येते. सारंगखेडा, अकलूजच्या बाजारात मारवाडी, काठेवाडी वळूंचे मोठे फलक दिसतात: नाव, बाप, आजोबा, उंची, फी. खालच्या ओळी मात्र गायब. घोडीमालकांनी त्या स्वतः मागाव्यात. दिवसाला किती घोड्या लावता, वही दाखवाल का? घोडी उलटली तर पुढचा माज फुकट का? ग्लँडर्स आणि ईआयए (घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय) या रोगांच्या रक्ततपासणीचा ताजा अहवाल आहे का? ग्लँडर्स माणसालाही होतो, त्यामुळे शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर घोडी गाडीतून खाली उतरवूच नका.

राहिल्या पेन्सिलीच्या खुणा. १८८९ साली ७ ऑक्टोबर, २८ ऑक्टोबर आणि १८ नोव्हेंबर हे तिन्ही सोमवार होते, आणि जाहिरातीत सोमवार टिनवॉल्डचा आहे. मध्ये बरोबर एकवीस-एकवीस दिवस. ७ ऑक्टोबरला घोडी लावली. २८ला ती पुन्हा माजावर आली, म्हणजे उलटली, म्हणून परत लावली. १८ नोव्हेंबरला तिने वळूला जवळ येऊ दिलं नाही, म्हणून फुली. त्या घरातल्या माणसाच्या लेखी ही फुली आनंदाची होती: घोडी राहिली.

घोडी साधारण ३४० दिवसांनी विते. २८ ऑक्टोबरपासून मोजलं तर १८९०च्या ऑक्टोबरचा पहिला आठवडा येतो, दहा-बारा दिवस इकडेतिकडे. मुलीला त्या हिशेबाच्या वहीत दोन जागा बघायला सांगा. १८८९च्या ७ ऑक्टोबरला ५ शिलिंग दिल्याची नोंद असेल. आणि १८९०च्या १ फेब्रुवारीच्या आसपास जी रक्कम असेल, ती ३ पौंड आहे की ४, ते मला जरूर कळवा. ४ असेल तर त्या माणसाने हमी विकत घेतली होती.